ऑनसाइड किक : चेंडू दहा यार्ड जाण्याआधी अंगावर येता येतं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच प्रसंगाबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुमचा मुलगा न्यू जर्सीतल्या एका हायस्कूलच्या ज्युनिअर व्हार्सिटी, म्हणजे शाळेच्या मुख्य टीमखालच्या टीममध्ये अमेरिकन फुटबॉल खेळतो. सामन्याची शेवटची दोनेक मिनिटं उरली होती, समोरची टीम सहा गुणांनी मागे होती आणि त्यांनी ऑनसाइड किक मारली, म्हणजे खेळ सुरू करताना चेंडू लांब न मारता मुद्दाम जवळच मारून तो आपणच परत मिळवायचा प्रयत्न केला. तुमचा मुलगा पहिल्या रांगेत होता. चेंडू टणाटण उड्या मारत त्याच्याकडे येत होता, त्याची नजर चेंडूवर होती, आणि तेवढ्यात समोरचा एक मुलगा सरळ त्याच्या अंगावर आला. तुमचा मुलगा आडवा झाला, त्यांच्यातल्याच दुसऱ्या कुणीतरी चेंडूवर झडप घातली आणि चेंडू त्यांचा झाला. पंचांनी फ्लॅग, म्हणजे फाउलची खूण असलेला पिवळा रुमाल, टाकला नाही. कोच साइडलाइनवरून "दहा यार्ड, दहा यार्ड" ओरडत राहिले. तुम्ही विचारताय, की चेंडू दहा यार्ड जाईपर्यंत समोरच्याला हात लावायची मनाई असते ना? मग हे खपवून कसं घेतलं?

मी बरीच वर्षं शुक्रवारी रात्री शाळांच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो. दिवसाची नोकरी वेगळीच आहे, पण ऑगस्ट ते नोव्हेंबर घरच्यांना मी शुक्रवारी दिसत नाही. या एका प्रकारावरून पालकांची आणि पंचांची जितकी जुंपते तितकी क्वचितच दुसऱ्या कशावरून जुंपत असेल. तुमच्या कोचचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मनाई आहे, पण ती सरसकट नाही, आणि ती कधी उठते हे तीन गोष्टींवर ठरतं. त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, म्हणजे धडक बसली त्या क्षणी चेंडू नेमका कुठे होता, ती तुमच्या वर्णनात आलेली नाही. त्यामुळे "अन्याय झाला" किंवा "पंच बरोबर होते" असं छातीठोकपणे मी सांगणार नाही. कसं ठरवायचं ते सांगतो. व्हिडिओ तुमच्याकडे आहे म्हणता, तर तुम्हालाच ठरवता येईल.

पहिली अडचण अशी, की टीव्हीवर दिसतं ते तुमच्या मुलाच्या मैदानावर लागू नाही. एनएफएलचं, म्हणजे व्यावसायिक लीगचं नियमपुस्तक वेगळं, कॉलेजचं म्हणजे एनसीएएचं वेगळं, आणि हायस्कूलचं एनएफएचएसचं वेगळं. न्यू जर्सी एनएफएचएसचं पुस्तक वापरते. टेक्सासमध्ये मात्र सरकारी हायस्कूलसुद्धा कॉलेजच्या नियमांवर खेळतात, म्हणून तुमचा डॅलसचा मेहुणा फोनवर काही वेगळं सांगत असेल तर तो खोटं बोलत नाहीये. एनएफएलने तर ऑनसाइड किक जवळजवळ वेगळाच खेळ करून टाकलाय. २०१८ पासून किक मारणाऱ्या टीमची लांबून धावत येण्याची सोय गेली आणि ऑनसाइड किक हाती लागण्याचं प्रमाण एकाच मोसमात धाडकन खाली आलं. २०२४ मध्ये तर ती आधी जाहीर करावी लागेल आणि मागे असलेल्या टीमलाच मारता येईल, असा नियम आला. म्हणजे २०१० च्या सुपर बोलमध्ये, एनएफएलच्या अंतिम सामन्यात, न्यू ऑर्लिन्स सेंट्सनी दुसऱ्या हाफची सुरुवातच जशी अचानक ऑनसाइड किकने केली होती, तसं आता तिथे कुणाला करता येणार नाही. हायस्कूलमध्ये अजून येतं. इथे कोणत्याही किकऑफला, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या किकला, सावध राहावं लागतं, आणि मला विचाराल तर खेळ असाच जास्त रंगतो.

आता मैदान डोळ्यांसमोर आणा. हायस्कूलमध्ये किकऑफ किकिंग टीमच्या ४० यार्डांच्या रेषेवरून होतो. रिसिव्हिंग, म्हणजे किक घेणाऱ्या टीमची पहिली रांग त्यापासून दहा यार्ड दूर, म्हणजे बरोबर मैदानाच्या मध्यावर, ५० च्या रेषेवर किंवा तिच्या मागे असते. या दोन रेषांमधला दहा यार्डांचा पट्टा, त्याला न्यूट्रल झोन म्हणतात, हेच सगळ्या भांडणाचं मूळ. किक बसेपर्यंत दोन्हीकडच्या कुणीही तिथे पाऊल टाकायचं नाही. किक बसली की पट्टा खुला, दोघांनाही आत येता येतं. पण आत येणं वेगळं आणि आत येऊन काही करणं वेगळं.

चेंडूवर कुणाचा काय हक्क, ते आधी बघू. रिसिव्हिंग टीमला किक बसल्या क्षणापासून चेंडू घेता येतो. एक यार्ड गेला असला तरी, हवेत असला तरी, लोळत असला तरी. त्यांच्यावर दहा यार्डांचं कसलंही बंधन नाही. किकिंग टीमला मात्र चेंडू घ्यायचा तर तो जमिनीला लागलेला हवा आणि त्याने ५० ची रेषाही ओलांडलेली हवी. किंवा मग रिसिव्हिंग टीममधल्या कुणाचा तरी त्याला आधी स्पर्श झालेला हवा. तसा स्पर्श झाला की दहा यार्डांचा हिशेब तिथेच संपतो, मग चेंडू तीनच यार्ड गेलेला का असेना.

आता अंगाशी झटण्याचा नियम. हे कलम पुस्तकात नवव्या प्रकरणात आहे. त्याचं सार असं, की किकऑफवर किकिंग टीमच्या खेळाडूने आपण होऊन समोरच्याला ब्लॉक करायचं, म्हणजे अंगाने किंवा हातांनी अडवायचं वा ढकलायचं नाही, जोपर्यंत चेंडू दहा यार्ड गेलेला नाही, किंवा किकिंग टीमला तो घेण्याचा हक्क मिळालेला नाही, किंवा रिसिव्हिंग टीमच्या खेळाडूने त्या पट्ट्यात स्वतः ब्लॉक सुरू केलेला नाही. या तिन्हींपैकी एक जरी झालं तरी मनाई उठली.

बारकाईने पाहिलंत तर पहिल्या दोन अटींमागचा विचार एकच आहे. ज्याला अजून चेंडूवर हक्क नाही, त्याला समोरच्याच्या अंगावर जायचाही हक्क नाही. हा नियम नव्हता तेव्हा किकिंग टीमचे सगळ्यात दांडगे चार-पाच जण चेंडूकडे बघायचेच नाहीत. ते थेट पहिल्या रांगेवर जाऊन आदळायचे, आणि चेंडू मागून आरामात दहा यार्ड लोळत जायचा. रिसिव्हिंग टीमची पोरं चेंडूकडे डोळे लावून उभी असायची, त्यांना धडक येताना दिसायचीही नाही. दुखापती त्यातूनच व्हायच्या.

तुम्ही कबड्डी पाहिलीच असेल. तिथे लॉबी आधी मैदानाबाहेर धरतात, रेडर आणि बचावपटूंचा एकमेकांना स्पर्श झाला की ती खेळात येते. इथला पट्टा साधारण तसाच आहे. फक्त तिथे माणसाचा माणसाला स्पर्श बघतात, इथे चेंडू बघतात.

हे "चेंडू बघतात" फार जपून समजून घ्या, कारण कोच आणि पालक दोघेही इथेच घसरतात. दहा यार्ड मोजायचे ते चेंडूचे, खेळाडूचे नाहीत. समजा तुमचा मुलगा ५० च्या रेषेपासून दोन यार्ड मागे उभा होता. समोरचा तिथवर धावत आला, म्हणजे तो स्वतः बारा यार्ड धावला. त्याने तुमच्या मुलाला ढकललं तेव्हा चेंडू अजून ४६ च्या आसपास असेल आणि त्याला तुमच्या टीममधल्या कुणाचा स्पर्श झालेला नसेल, तर तो फाउल आहे. धडक "दहा यार्डांच्या पलीकडे" झाली म्हणून सुटका नाही. उलट चेंडू जोरात आला, ५० ची रेषा ओलांडून दोन यार्ड पुढे पोहोचला, आणि धडक त्यानंतर पापणी लवायच्या आत बसली, तर या कलमाखाली काही होत नाही. मैदानावर या दोन प्रसंगांत जेमतेम अर्ध्या सेकंदाचा फरक असतो. पोरं दहा यार्ड दीड-दोन सेकंदांत कापतात आणि चांगला किकर चेंडूही नेमका तेवढ्याच वेळात तिथे पोहोचेल असा मारतो. सराव असतो तो या जुळणीचाच.

आता तिसरी अट, ती सगळ्यात कमी लोकांना माहीत असते. रिसिव्हिंग टीमच्या खेळाडूने पट्ट्यात पुढे येऊन स्वतः ब्लॉक सुरू केला, तर समोरच्यालाही ब्लॉक करायची मुभा मिळते. हे न्याय्यच आहे. मी तुला मारणार आणि तू मात्र हात बांधून उभं राहायचं, असं कसं चालेल? पण पोरांना शिकवलेलं नेमकं उलटं असतं. बहुतेक टीमच्या हँड्स टीममध्ये, म्हणजे ऑनसाइड किक घ्यायला उभ्या केलेल्या गटात, दोन रांगा असतात. पुढच्या रांगेने येणाऱ्यांना अडवायचं आणि मागच्या रांगेतल्या भरवशाच्या हातांनी चेंडू घ्यायचा. जानेवारी २०१५ मधली सिएटल सीहॉक्स आणि ग्रीन बे पॅकर्स यांच्यातली एनएफसी फायनल, म्हणजे सुपर बोलच्या आधीची लढत, आठवते का? ग्रीन बेच्या ब्रँडन बॉस्टिकचं काम होतं समोरच्याला अडवणं, चेंडू घ्यायला मागे जॉर्डी नेल्सन होता. बॉस्टिकने स्वतःच उडी मारली, चेंडू त्याच्या हातातून निसटला, सिएटलच्या ख्रिस मॅथ्यूजने तो उचलला आणि पॅकर्स हातातला सामना ओव्हरटाइममध्ये २८-२२ असा हरले. तेव्हापासून कोच मंडळी "पुढच्याने फक्त अडवायचं" हे आणखीनच जोरात घोकून घेतात. बरोबर आहे त्यांचं. पण हायस्कूलच्या नियमात त्याची किंमत असते. पुढच्या रांगेतला मुलगा दोन पावलं पुढे जाऊन समोरच्याच्या छातीवर हात टेकवतो तेव्हा तो मनाईचं कुलूप स्वतःच उघडतो.

म्हणून तुमच्या मुलाबाबत मी आधी हे विचारेन, की तो जागेवर उभा राहून चेंडूची वाट बघत होता, का पुढे सरकला होता? पुढे सरकला असेल तर चेंडूकडे, का समोरच्या खेळाडूकडे? चेंडू घ्यायला पट्ट्यात शिरणं म्हणजे ब्लॉक सुरू करणं नव्हे, तो त्याचा हक्क आहे. दोघेही चेंडूकडे धावले आणि आपसांत आदळले, तर तेही कुणाचं "ब्लॉक करणं" होत नाही, तो आपला खेळातला भाग. मी पंच म्हणून खांदे आणि हात बघतो. खांदे कुणाकडे वळलेत, हात चेंडूसाठी खाली जातायत का समोरच्याच्या छातीकडे वर येतायत. नजर बघून उपयोग नाही, हेल्मेटमधून ती दिसतच नाही.

इथवरचं थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. लोळणारा किंवा टप्पे खाणारा चेंडू दहा यार्ड गेलेला नाही, तुमच्या टीममधल्या कुणाचा त्याला स्पर्श झालेला नाही, आणि तुमच्यापैकी कुणी पट्ट्यात ब्लॉक सुरू केलेला नाही. ही तिन्ही "नाही" एकत्र असतील तर समोरच्याने धडक देणं फाउल आहे. त्याचा दंड १० यार्ड. समोरच्या टीमने चेंडू घेतला असला तर तो घेणं पाण्यात जातं, किक पुन्हा, आणि तीही ३० वरून.

चेंडू हवेत असेल तर गोष्ट वेगळी. पहिल्या रांगेच्या डोक्यावरून उंच टाकलेली किक तुम्ही पाहिली असेल. असा चेंडू जमिनीला न लागता हवेत आहे तोवर रिसिव्हिंग टीमला तो झेलण्याची मोकळीक द्यावीच लागते. "मी फक्त झेलणार, पळणार नाही" अशी हात वर करून करायची फेअर कॅचची खूण केली नसली तरी. दहा यार्डांच्या पलीकडे असला तरी. त्याच्या वाटेत उभं राहणं, त्याला धक्का देणं किंवा चेंडू आधीच झेलणं, हे सगळं किक-कॅच इंटरफिअरन्स, आणि त्याला १५ यार्ड. रिसिव्हिंग टीमला फाउलच्या जागेवरून १५ यार्ड पुढे चेंडू मागता येतो, नाहीतर १५ यार्ड मागून पुन्हा किक मारायला लावता येते. चेंडू एकदा जमिनीला लागला की हे संरक्षण संपतं.

मग हुशार किकरांनी काय करावं? चेंडू टीवरून, म्हणजे तो ठेवायच्या छोट्या स्टँडवरून, लगेच जमिनीत असा हाणायचा की एकच टप्पा खाऊन तो सरळ उंच उडावा. जमिनीला लागला म्हणून इंटरफिअरन्सचं संरक्षण नाही, आणि चेंडू हवेत असताना खाली उभ्या असलेल्या मुलावर चार-पाच जण धडकायला मोकळे. वर बघणाऱ्या पोराला हे किती भयानक जायचं ते मी जवळून पाहिलंय. २०१७ पासून हायस्कूलमध्ये या पॉप-अप किकवर बंदी आली. आता अशी किक दिसली की आम्ही लगेच शिट्टी मारतो, खेळ तिथेच थांबतो, किकिंग टीमला ५ यार्ड दंड. कॉलेजमध्ये किक चालू राहते, पण चेंडू जणू थेट टीवरून हवेत आला असं धरून झेलणाऱ्याला संरक्षण मिळतं. वाटा वेगळ्या असल्या तरी काळजी तीच आहे. तुमच्या प्रसंगात चेंडू "टणाटण उड्या मारत" आला असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे बहुधा एकापेक्षा जास्त टप्पे होते. पहिला टप्पा मात्र व्हिडिओत नीट बघा. पहिल्याच टप्प्यानंतर चेंडू उंच उडाला असेल तर तिथे शिट्टी व्हायला हवी होती, आणि मग बाकीच्या चर्चेला अर्थच उरत नाही.

समजा चेंडू दहा यार्ड गेला होता. मग काहीही चालतं का? अजिबात नाही, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर कदाचित इथेच दडलेलं आहे. चेंडू मोकळा आहे आणि दोघांनाही तो घेण्याचा हक्क आहे, तेव्हा चेंडूपर्यंत पोहोचण्यासाठी समोरच्याला हातांनी बाजूला सारता येतं, कमरेच्या वर पाठीला लागलं तरी चालतं. पण कमरेखाली ब्लॉक किकऑफमध्ये कधीच चालत नाही, कुणालाच नाही. डोक्यावर किंवा मानेवर नेम धरून आदळणं चालत नाही. आणि ब्लाइंडसाइड ब्लॉक, म्हणजे ज्याला धडक येताना दिसत नाहीये अशाला खांद्याने किंवा कोपराने हाणणं, तेही चालत नाही. अशा वेळी ब्लॉकची सुरुवात उघड्या तळव्यांनीच व्हायला हवी. शिवाय चेंडू झेलायच्या किंवा उचलायच्या प्रयत्नात गुंतलेला, स्वतःला सावरू न शकणारा खेळाडू हायस्कूलच्या पुस्तकात असुरक्षित धरलाय. त्याच्यावर गरजेपेक्षा जोरात आदळलात तर वैयक्तिक फाउल, १५ यार्ड.

तुमचा मुलगा चेंडूकडे बघत होता. धडक समोरून आली का बाजूने, खांद्याने बसली का तळव्यांनी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बाजूने आणि खांद्याने असेल, तर दहा यार्ड झाले होते का नव्हते याला महत्त्वच राहत नाही, फ्लॅग पडायला हवा होता. पालक आणि कोच "दहा यार्ड, दहा यार्ड" करत राहतात आणि खरा फाउल दुसऱ्याच कलमाखाली निसटून जातो, असं मी कितीदा तरी पाहिलंय.

एक गुंता राहिला, तो म्हणजे ढकलून चेंडूला स्पर्श करायला लावणं. समोरच्याने तुमच्या मुलाला ढकललं आणि त्या ढकलण्यामुळे लोळता चेंडू त्याच्या पायाला लागला, तर तो "रिसिव्हिंग टीमचा स्पर्श" धरला जात नाही. दुसऱ्या बाजूनेही तसंच आहे. तुमच्या पोराने समोरच्याला चेंडूवर ढकललं तर त्याचा स्पर्श माफ. स्वतःहून केलेला स्पर्श मात्र माफ नाही. किकिंग टीमने दहा यार्डांच्या आत स्वतःहून चेंडूला हात लावला तर त्याला फर्स्ट टचिंग म्हणतात. हा फाउल नाही, फ्लॅग पडत नाही, पंच तिथे बीनबॅग टाकतो. नंतर काहीही झालं तरी रिसिव्हिंग टीमला बहुतेक वेळा त्या जागेवर चेंडू मागून घेता येतो. पालकांना ही छोटी पिशवी दिसतच नाही, ते पिवळा फ्लॅग शोधत असतात. तुमच्या व्हिडिओत पंचाच्या हातातून काही खाली पडलंय का, तेही बघा.

पंचांना हे सगळं दिसतं का, असं तुमच्या प्रश्नात न लिहिताही आहेच. ऑनसाइड किकची शक्यता वाटली की आम्ही जागा बदलतो. दोन्ही रेषांच्या टोकांना पंच येऊन उभे राहतात, बीनबॅग हातात तयार. ५० च्या रेषेवरचा पंच चेंडू रेषा ओलांडतो का ते बघतो, आणि आधी कुणाचा स्पर्श झाला ते. धडकेकडे बाकीच्यांनी लक्ष द्यायचं. ज्युनिअर व्हार्सिटीला मात्र बहुतेक वेळा पाच पंच नसतात, तीन-चारच असतात. मग एकाच माणसाला रेषा, चेंडू आणि दहा-बारा शरीरं एकाच वेळी बघावी लागतात. ही सबब म्हणून सांगत नाही, आहे ते असं आहे.

आणि हे मोठ्या मैदानावरही चुकतं. २००६ च्या सप्टेंबरात ओरेगन आणि ओक्लाहोमा या कॉलेज टीमच्या सामन्यात ओरेगनच्या ऑनसाइड किकला दहा यार्डांच्या आतच ओरेगनच्याच खेळाडूचा स्पर्श झाला होता. तरी चेंडू ओरेगनला दिला गेला, रिप्लेमध्येही तो निर्णय तसाच ठेवला. ओरेगन एका गुणाने, ३४-३३ असा जिंकला. नंतर ओरेगन ज्यात खेळायचं त्या पॅक-१० कॉन्फरन्सने, म्हणजे कॉलेजांच्या गटाने, त्या पंचांना एका सामन्यासाठी बाहेर बसवलं. तिथे कॅमेरे होते, रिप्ले होता. शुक्रवारच्या ज्युनिअर व्हार्सिटीत यातलं काहीच नसतं.

मुलाशी यावर बोलणार असाल तर एक गोष्ट मी आवर्जून सांगेन, कारण ती त्याच्या हातात आहे. तो दहा यार्डांची वाट बघत होता का, हे त्याला विचारा. हा गैरसमज अगदी व्यावसायिक खेळाडूंनाही होतो. २० सप्टेंबर २०२० ला डॅलस काउबॉइजच्या ग्रेग झुरलाइनने टी न लावता चेंडू आडवा ठेवून गरगर फिरवत हळू लोळवला. अटलांटा फाल्कन्सचे खेळाडू चेंडूभोवती जमले आणि तो दहा यार्ड जातो का हे बघत राहिले. तो गेला, आणि डॅलसच्या सी. जे. गुडविनने झडप घातली. काउबॉइज ४०-३९ असे जिंकले. फाल्कन्सच्या कुणीही आठव्या यार्डावर त्या चेंडूवर अंग टाकलं असतं तर सामना तिथेच संपला असता. वाट बघण्याची सक्ती फक्त किकिंग टीमवर आहे. रिसिव्हिंग टीमचा मुलगा पुढे येऊन चेंडू अंगाखाली घेऊ शकतो. तसं केलं, तर समोरच्यांना धडक द्यायचा हक्क मिळायच्या आधीच तो चेंडूपाशी पोहोचलेला असतो. धडकेपासून वाचायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

यातही परिस्थिती बघावी लागते. चेंडू जोरात, वेड्यावाकड्या टप्प्यांनी येत असेल तर पुढे धावून तो चुकवण्याची, अंगाला लागून निसटण्याची भीती असते, आणि त्याचा नुसता स्पर्श झाला तरी समोरच्यांना सगळे हक्क मिळतात. अशा चेंडूवर पुढच्या रांगेने पडू नये, मागच्याकडे जाऊ द्यावा, असं काही कोच सांगतात, आणि तेही चूक नाही. ओल्या मैदानावर वेगळं, कोरड्या कृत्रिम गवतावर वेगळं. हे तुमच्या कोचना ठरवू द्या. पण "कुणी पडायचं आणि कुणी सोडायचं" हे ठरलेलं असलं पाहिजे. ठरलेलं नसेल तर पोरं चेंडू बघत उभी राहतात, आणि मार बसतो तो उभ्या राहिलेल्यांनाच.

व्हिडिओ बघाल तेव्हा संथ गतीत या क्रमाने बघा. पहिला टप्पा. मग धडकेच्या फ्रेमवर थांबा आणि चेंडू कोणत्या रेषेशी आहे ते बघा, खेळाडू नव्हे. मग दोन-तीन फ्रेम मागे जा. तुमच्या टीममधल्या कुणाच्या बुटाला, हाताला चेंडू चाटून गेलाय का, आणि तुमच्यापैकी कुणी पट्ट्यात आधी ब्लॉक केलाय का. हा "कुणी" तुमचाच मुलगा असेल असं नाही. शेवटी धडक कुठून आली आणि कशाने बसली ते. साइडलाइनच्या उंच स्टँडवरून काढलेला व्हिडिओ असेल तर रेषेचा अंदाज बऱ्यापैकी येतो, एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या मागून काढलेला असेल तर तो फसवतो, चेंडू असतो त्यापेक्षा पुढे किंवा मागे वाटतो.

एवढं बघून फाउल होता असं वाटलं, तर व्हिडिओ कोचना द्या. पंचांच्या असोसिएशनशी बोलायचा रस्ता शाळेकडूनच जातो, आणि असे व्हिडिओ आम्ही मीटिंगमध्ये खरंच लावून बघतो. सामना संपल्यावर पार्किंगमध्ये पंचाला गाठून विचारू नका. त्यातून उत्तर मिळत नाही आणि मुलाला पुढच्या आठवड्यात त्याच पंचासमोर खेळायचं असतं.

तुम्ही शेवटी विचारलंय, की त्याला हँड्स टीममधून काढायला सांगू का. मी सांगणार नाही. हा खेळ धडकांचाच आहे, ऑनसाइड किकवरची धडक त्यातली सगळ्यात वाईट असते असंही नाही. पण त्या दिवशी आडवा झाल्यावर त्याचं डोकं दुखलं असेल, गरगरलं असेल, प्रकाश सहन झाला नसेल किंवा तो काही वेळ गोंधळलेला वाटला असेल, तर फाउल होता का नव्हता हे बाजूला ठेवा. शाळेच्या ॲथलेटिक ट्रेनरना आजच कळवा आणि डॉक्टरांची लेखी परवानगी मिळेपर्यंत त्याला सरावालाही पाठवू नका. तसं काही नसेल, तर पुढच्या सरावात त्याला कोचना एवढंच विचारायला सांगा, की पहिल्या रांगेत चेंडू माझ्याकडे आला तर मी पडू, का सोडू?